खोट्या दागिन्यांचं खरं वय

जुना ब्रूच हातात आला की नवखा माणूस आधी त्याचे खडे बघतो. जाणकार तो उलटा करतो. समोरून दागिना कुठल्याही काळाचं सोंग घेऊ शकतो. हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामुनची कबर सापडली आणि पुढची काही वर्षं युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या गळ्यात आणि दंडावर इजिप्तचे स्कॅरब भुंगेरे, साप आणि कमळं मिरवू लागली. त्याच कबरीतला खजिना १९७२ मध्ये लंडनला आणि १९७६ ते १९७९ या काळात अमेरिकेत प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा तीच नक्षी पुन्हा बाजारात आली. मध्ये पन्नास वर्षं गेलेले हे दोन भुंगेरे नुसत्या रूपावरून वेगळे काढणं अवघड. पाठीमागची टाचणी, बिजागरी, डाख आणि शिक्का बघितला की बहुतेक वेळा काही मिनिटांत निकाल लागतो.

हे दागिने सोन्याचे नाहीत, हिऱ्यांचेही नाहीत. काच, पितळ, कथील, शिसं, प्लॅस्टिक आणि वर मुलामा, एवढाच त्यांचा ऐवज. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये कोको शॅनेलनं खोट्या मोत्यांचे सर खऱ्या दागिन्यांसोबत उघडपणे घातले आणि 'कॉस्च्युम ज्वेलरी' घालण्यातला संकोच गेला. अमेरिकेत या धंद्याचं माहेर ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स. नेहेमाया डॉज या कारागिरानं १७९४ च्या सुमारास तिथे हलक्या धातूवर सोन्याचा थर चढवण्याची पद्धत बसवली आणि पुढच्या दीडशे वर्षांत गल्लोगल्ली ओतकाम, मुलामा, खडे बसवणं यांचे कारखाने उभे राहिले. ट्रिफारी, कोरो, मोने या दागिन्यांच्या कंपन्यांची नावं तेव्हा घराघरांत ठाऊक होती. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभाला त्यांच्या पत्नी मेमी यांनी गुलाबी पोशाखावर ट्रिफारीचे खोटे मोती घातले होते.

हलक्या मालाचे हे दागिने इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाचे आहेत, आणि कारण सरळ आहे. सोनं वितळवून नवा दागिना घडवता येतो, म्हणून प्रत्येक पिढी आपल्या आजीचं सोनं मोडत आली. कथलाचा ब्रूच मोडून हातात काही पडत नाही. तो डब्यात पडून राहतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या काळातले कायदे, युद्धं, जकाती आणि शोधही जसेच्या तसे राहतात.

वय ठरवण्याचा पाया एकाच नियमावर उभा आहे: दागिना त्याच्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुना असू शकत नाही. चौकट व्हिक्टोरियाच्या काळची दिसली आणि खडा १९५५ नंतरचा निघाला, तर दागिना १९५५ नंतरचा. अपवाद फक्त दुरुस्तीचा. म्हणून नवा भाग सापडला की त्याच्या भोवतीचा डाख भिंगाखाली बघायचा. कारखान्यातला डाख पातळ, स्वच्छ आणि मुलाम्याच्या खाली असतो. नंतरच्या दुरुस्तीचा डाख करडा, फुगीर आणि मुलाम्याच्या वर दिसतो.

ब्रूचची टाचणी इथे सर्वांत बोलकी. एकोणिसाव्या शतकात ती साध्या आकड्यात अडकवत. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली एक पट्टी, तिला कुलूप नाही, झाकण नाही. टाचणी सुटू नये म्हणून तिचं टोक बऱ्याचदा ब्रूचच्या कडेच्याही बाहेर जाई. तेवढं टोक कापडात परत खुपसून टाकायचं. युरोपात याच्या जोडीला आणखी एक युक्ती होती: एका नळीत सरकणारी दुसरी बारीक नळी, बाहेर ओढली की टाचणी सुटते, आत ढकलली की अडकते. ट्रॉम्बोन वाद्यासारखी चाल म्हणून तिला ट्रॉम्बोन क्लास्प म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फिरती चकती असलेला आकडा आला, जो टाचणीवर गोल फिरून तिला बंद करतो, आणि आजतागायत तोच चालू आहे. नुसता साधा आकडा दिसला म्हणून ब्रूच जुना ठरत नाही, कारण स्वस्त मालात तो नंतरही वापरला गेला. पण फिरत्या चकतीचा मूळ आकडा असलेला ब्रूच १८८० चा आहे असं कुणी सांगू लागलं, तर ते मान्य करू नये.

कानातल्यांची गोष्ट मराठी वाचकाला जरा वेगळी वाटेल. आपल्याकडे तान्हेपणीच कान टोचतात आणि कुडीला फिरकी असते ती टोचलेल्या कानासाठी. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कान टोचणं मागासलेपणाचं मानलं जाऊ लागलं आणि न टोचलेल्या कानासाठी सोय करावी लागली. १८९० च्या दशकापासून मळसूत्राचं कानातलं आलं: मागून बारीक स्क्रू फिरवत पाळीवर घट्ट करायचं. १९३० च्या दशकात चाप आला. नाक न टोचलेल्या मुलीसाठी आपल्याकडे चापाची नथ मिळते, तसंच हे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण मुली पुन्हा कान टोचून घेऊ लागल्या आणि आकड्याची, दांडीची कानातली परत आली. म्हणजे टोचलेल्या कानासाठीचं अमेरिकन कानातलं बहुधा एकतर १९१० च्या आधीचं असतं किंवा साधारण १९६५ नंतरचं. मधल्या काळातलं असेल तर त्याचा मागचा भाग बदललेला असण्याची शक्यता दाट. कितीतरी जुन्या चापांच्या जागी पुढे दांड्या बसवल्या गेल्या आणि तिथे डाखाचा ओघळ स्पष्ट दिसतो.

यानंतर येतात पेटंटचे क्रमांक, आणि इथे जुना दागिना थेट तारखेच्या जवळ नेतो. अमेरिकेत यंत्रणेसाठी दिल्या जाणाऱ्या पेटंटांचा क्रम सलग चालतो. १० लाखावं पेटंट १९११ मध्ये निघालं, २० लाखावं १९३५ मध्ये, ३० लाखावं १९६१ मध्ये. एवढे तीन टप्पे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होतं. कोरो कंपनीच्या 'ड्युएट' ब्रूचवर १७९८८६७ हा आकडा कोरलेला असतो. हा जोडब्रूच आहे: दोन सुट्या क्लिपा एका चौकटीवर चढवल्या की एक ब्रूच, काढल्या की गळ्याच्या दोन्ही टोकांना लावायला दोन क्लिपा. आकडा १० आणि २० लाखांच्या मध्ये, २० लाखांच्या जवळ. पेटंट १९३१ चं. पण इथे नवखा संग्राहक हमखास फसतो. पेटंट चौकटीचं आहे, वरच्या पक्ष्या-फुलांचं नाही. तीच चौकट कोरोनं पुढची अनेक वर्षं वापरली, त्यामुळे १९३१ ही त्या ब्रूचची सर्वांत आधीची शक्य तारीख आहे, जन्मतारीख नव्हे. वरच्या नक्षीसाठी वेगळं डिझाइन पेटंट असे आणि त्यांचे क्रमांक वेगळ्या मालिकेत, कितीतरी लहान असत. दोन मालिकांची गल्लत केली की तारखेचा घोटाळा ठरलेला.

या क्लिपांचा काळही मर्यादित आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या खपल्या, कारण तेव्हाच्या पोशाखांचे चौकोनी आणि व्ही आकाराचे गळे त्यांच्यासाठीच शिवल्यासारखे होते. शिकागोची आयझेनबर्ग ही तर मुळात कपड्यांची कंपनी. तिच्या पोशाखांवर लावून येणाऱ्या चमकदार क्लिपा दुकानांतून चोरीला जायला लागल्या, तेव्हा त्या वेगळ्या विकायचं ठरलं आणि पुढे दागिन्यांनी कपड्यांनाच मागे टाकलं.

डिझाइन पेटंटचा त्रास असा की ते मिळायला वेळ लागे आणि तोवर नक्कल बाजारात आलेली असे. एका हंगामात जुन्या होणाऱ्या मालाला हे परवडणारं नव्हतं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'मेझर विरुद्ध स्टाइन' या खटल्यात दिव्याच्या बैठकीसाठी वापरलेल्या मूर्तीलाही कॉपीराइट मिळू शकतो असं ठरवलं. त्याचा धागा धरून ट्रिफारीनं शॅरेल कंपनीवर दावा लावला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयानं खोट्या दागिन्यांची नक्षी ही कलाकृती म्हणून कॉपीराइटला पात्र असल्याचा निकाल दिला. त्यानंतर अमेरिकन दागिन्यांच्या पाठीवर कंपनीच्या नावाशेजारी वर्तुळातलं सी हे चिन्ह दिसू लागलं. संग्राहकांच्या दृष्टीनं या एका खटल्यानं विसाव्या शतकाची फाळणी केली: चिन्ह असेल तर दागिना जवळजवळ नक्की १९५५ नंतरचा. भिंगाखाली ते चिन्ह मिलिमीटरभरही भरत नाही, पण पन्नास आणि साठच्या दशकांतला माल त्याच्या आधीच्या मालापासून वेगळा काढताना त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

ट्रिफारीचंच आणखी एक उदाहरण हातात घेऊन बघण्यासारखं आहे. आल्फ्रेद फिलिप हा फ्रेंच डिझायनर उंची जवाहिऱ्यांसाठी काम करून १९३० मध्ये ट्रिफारीत आला आणि १९६८ पर्यंत तिथे राहिला. खऱ्या माणकांसाठीची कोंदणं काचेसाठी करायची हा त्याचा हट्ट. १९४४ च्या सुमाराचा त्याचा मुकुटाचा ब्रूच प्रसिद्ध आहे: लाल, निळे, हिरवे गुळगुळीत काचखडे, मध्ये पातळ आयताकृती पांढरे खडे, वर सोन्याचा मुलामा. हा ब्रूच उलटा केला की 'स्टर्लिंग' असा शब्द दिसतो, म्हणजे आत चांदी. याच मुकुटाची आवृत्ती कंपनीनं पुढे ऐंशीच्या दशकात पुन्हा काढली. समोरून रूप तेच, पण आत साधा मिश्रधातू. स्वस्त दागिन्यात चांदी आली कुठून?

उत्तर युद्धात आहे. १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि जगातल्या कथलाचा मोठा भाग दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळानं कथील, तांबं, निकेल हे धातू दागिन्यांसाठी वापरण्यावर निर्बंध आणले. तोवर या धंद्याचा मुख्य माल म्हणजे कथील-शिशाचा पांढरा धातू, ज्यात बारीक नक्षी सहज उतरत असे. तो बंद झाल्यावर कारखानदार चांदीकडे वळले. युद्धाच्या आधी पाठीवर नुसतं नाव, युद्धात 'स्टर्लिंग', आणि युद्धानंतर दोन-तीन वर्षांत पुन्हा नवे मिश्रधातू. चांदी महाग पडते म्हणून ती लवकर सोडली गेली. त्यामुळे अमेरिकन फॅशनच्या ब्रूचवर 'स्टर्लिंग' दिसलं की पहिला अंदाज १९४२ ते १९४७ असा बांधतात आणि तो बहुधा बरोबर निघतो.

युद्धाची खूण समोरच्या बाजूवरही आहे. काचखडे युरोपातून येत. ते थांबले, म्हणून युद्धकाळातल्या दागिन्यांत खडे थोडे आणि धातूचा पृष्ठभाग मोठा: गाठी, फिती, पिळलेली पानं. खड्यांची जागा कधी पारदर्शक प्लॅस्टिकनं घेतली. १९३७ पासून बाजारात असलेल्या ल्युसाइटचा घुमटासारखा तुकडा मासा, पेंग्विन, कोंबडा यांच्या पोटात बसवून फिलिपनं जे ब्रूच केले, त्यांना संग्राहक 'जेली बेली' म्हणतात. विमानांच्या काचांमधून बाद झालेलं ल्युसाइट त्यासाठी वापरलं, अशी गोष्ट सांगितली जाते. या ब्रूचच्या नकलाही भरपूर झाल्या आहेत. मूळ नगात ल्युसाइटचा तुकडा चौकटीत नेमका बसतो आणि मागची बाजू नीट घासून साफ केलेली असते. नकलेत कडेला डिंकाचा मागमूस दिसतो आणि पाठीवरचा धातू ओबडधोबड राहतो.

आता खड्यांकडे, कारण त्यांच्या मागे एका अख्ख्या गावाचा इतिहास आहे. काचेचा हिरा ही कल्पना जुनी. अठराव्या शतकात पॅरिसच्या गेओर्ग फ्रीडरिश स्ट्रास या जवाहिऱ्यानं शिशाच्या काचेला असं तेज दिलं की युरोपच्या कितीतरी भाषांत खोट्या खड्याला त्याचंच नाव पडलं. पण तो खडा स्वस्त केला तो बोहेमियातल्या गाब्लोंझनं, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्झनं. यिझेरा डोंगरांतल्या खेड्यांत घरोघरी काचेच्या कांड्या तापवून चिमट्याच्या साच्यात दाबत, पैलू पाडत, मणी ओवत. आणि शहरातले निर्यातदार तो माल जगभर धाडत. पहिल्या महायुद्धाच्या आधी ऑस्ट्रिया-हंगेरीतून हिंदुस्थानात येणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मण्यांमागे हेच गाव होतं. आपल्याकडच्या कासाराच्या पेटीत तेव्हा परदेशी बांगड्या असत त्या बऱ्याचशा इथल्या. युद्धानं तो पुरवठा तोडला आणि ती जागा जपाननं घेतली.

दानिएल स्वारोव्स्की याच भागातला, जन्म १८६२ चा. १८९२ मध्ये त्यानं काचेला पैलू पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये तो टिरोलमधल्या वॅटन्सला गेला: तिथे पाण्यावर चालणारी वीज होती आणि गाब्लोंझच्या स्पर्धकांची नजर नव्हती. १९५५-५६ च्या सुमारास त्याच्या कंपनीनं क्रिस्तियां दिओरच्या सोबतीनं 'अरोरा बोरियालिस' खडा आणला. काचेवर धातूच्या वाफेचा अतिशय पातळ थर, आणि त्यामुळे खडा हलवला की पृष्ठभागावर निळं-गुलाबी-हिरवं इंद्रधनुष्य फिरतं. असा मूळ खडा असलेला कुठलाही दागिना १९५५ च्या आधीचा असू शकत नाही. ज्या बाजारात 'आजीच्या लग्नातला, १९३० चा' म्हणून हार विकला जातो, तिथे हे एक वाक्य खिशात असावं.

गाब्लोंझची पुढची कथा शिक्क्यांत वाचता येते. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्यानं १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक केलं. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, त्यामुळे त्या नावाचा शिक्का त्याआधी शक्यच नाही. तो कधी पितळी जाळीवर, कधी कडीच्या इवल्याशा पट्टीवर मारलेला असतो. १९३८ मध्ये हिटलरनं हा जर्मनभाषक प्रदेश गिळला, आणि १९४५-४६ मध्ये विजयी चेकोस्लोव्हाकियानं तिथल्या जर्मनांना देशाबाहेर घालवलं. हजारो कारागीर बव्हेरियातल्या काउफबॉयरेनजवळ एका उद्ध्वस्त दारूगोळा कारखान्याच्या जागेवर गोळा झाले आणि त्यांनी तिथे आपली पेढी नव्यानं मांडली. त्या वस्तीचं नाव नॉयगाब्लोंझ, नवं गाब्लोंझ. तेच हात, तेच कसब. पण शिक्का आता 'वेस्ट जर्मनी', जो १९४९ नंतर आणि १९९० पर्यंतच मिळतो. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का त्याहून अल्पायुषी: १९४७ ते १९५२. सहा वर्षांच्या आत तारीख बसवणारा शिक्का दागिन्यांच्या जगात विरळा.

प्लॅस्टिकचा वास घेऊन वय सांगता येतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. कोमट पाण्याखाली धरून घासलं की तो नाकाला लगेच ओळखू येतो. १९०७ मध्ये लिओ बेकलंडनं शोधलेल्या बेकेलाइटला गरम पाण्यात फॉर्मल्डिहाइडचा औषधी दर्प येतो. त्याच्या कोरीव बांगड्यांचे चांगले दिवस तीसच्या दशकातले, आणि युद्धानं ते संपवले. तापवलेली सुई टोचून पारख करण्याची जुनी रीत मात्र अजिबात वापरू नये: सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.

शेवटी राहतात ते बिननावाचे दागिने, आणि खरं कसब तिथेच लागतं. मिरियम हॅस्केलनं १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकाल्पिन हॉटेलात दुकान उघडलं, पण तिच्या सुरुवातीच्या बहुतेक मालावर नाव नाही. तो ओळखायचा बांधणीवरून. पितळी जाळीवर बारीक मणी आणि छोटे मोती तारेनं एकेक करून गुंफलेले असतात, आणि तारांची टोकं झाकण्यासाठी मागे दुसरी जाळी बसवलेली असते. डिंकाचा थेंबही नसतो. अशा एका फुलावर तासन्‌तास गेलेले हात कुणाचे, हे त्या टाक्यांवरून सांगता येतं, नावाची गरज पडत नाही.

ब्रुकलिनची डिलिझा अँड एल्स्टर ही १९४७ ची कंपनी तर दुसऱ्यांच्या नावानं माल पुरवणारी. स्वतःचा शिक्का तिनं जवळजवळ वापरलाच नाही. १९६७-६८ मध्ये थोडे दिवस तिच्या दागिन्यांना 'ज्युलियाना' असं कागदी लेबल लटकवलं गेलं आणि विकत घेणाऱ्यांनी ते अर्थातच फाडून टाकलं. तिच्या ब्रेसलेटला बहुधा पाच कड्या असतात, आणि खड्यांच्या कोंदणांमध्ये डाख ओतल्यासारखा पसरलेला दिसतो. कंपनी १९९० मध्ये बंद झाल्यावर फ्रँक डिलिझा यांनी संग्राहकांना आठवणीतून आणि राहिलेल्या नमुन्यांतून कुठला दागिना आपला हे सांगितलं. त्यावरून या खुणांची यादी पक्की झाली. त्याच पाच कड्यांवरून आज कितीतरी पेट्यांमधले बेवारस दागिने पुन्हा आपल्या कारखान्याच्या नावावर लागत आहेत.